बिघाड हेडफोनमध्ये नव्हता: 'गायडेड बाय व्हॉइसेस' आठ महिने ऐकल्यानंतर

आधी हेडफोनचं सांगते, कारण सुरुवात तिथूनच झाली. नवा हेडफोन, घेऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. एका रात्री 'गायडेड बाय व्हॉइसेस' या अमेरिकी रॉक बँडचा 'बी थाउजंड' हा अल्बम लावला आणि पहिल्याच गाण्यात, 'हार्डकोअर यूएफओज'मध्ये, गिटार मधेच गायब. क्षणभराने परत आली. दोन दिवसांनी तेच गाणं लावलं, तर पुन्हा तसंच. हेडफोनच्या आतलं काहीतरी सुटलं असणार, असं धरून मी सर्व्हिस सेंटर गाठलं. दोन फेऱ्या झाल्या, हे वॉरंटीत बसतं की नाही यावर वाद झाला, तपासणीचे 350 रुपये गेले आणि हातात कागद आला: दोष आढळला नाही. घरी येऊन मी तेच गाणं स्पीकरवर लावलं, पुराव्यासाठी. गिटार बरोब्बर त्याच जागी गेली. बिघाड रेकॉर्डिंगमध्येच होता. 1994 साली अल्बम निघाला तेव्हापासून आहे आणि कुणी काढलेला नाही.

350 रुपयांचा राग आधी बँडवरच निघाला. वाजवलेलं परत ऐकून न बघता लोकांना विकायचं? याच रागात मी त्यांचे अल्बम पहिल्यापासून ऐकायला घेतले.

अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डेटन गावचा हा 1983 पासूनचा बँड. त्याचा म्होरक्या आणि गायक रॉबर्ट पोलार्ड दिवसा चौथीच्या मुलांना शिकवायचा आणि उरलेल्या वेळात गाणी करायचा. 'बी थाउजंड' आला तेव्हा तो 36 वर्षांचा होता. त्यातलं बरंच रेकॉर्डिंग चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवरचं आहे आणि ते मशीन बहुतेकदा बँडमधलाच टोबिन स्प्राउट सांभाळायचा. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात, दोन एका बाजूच्या, दोन दुसऱ्या. हे मशीन त्या चारही एकाच दिशेने वापरतं. ड्रम, बास, गिटार, गाणारा आवाज, झाल्या चार. पाचवं काही हवं असेल तर आधीच्या दोन-तीन पट्ट्या एकीवर उतरवून घ्यायच्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवं वाजवायचं. असं उतरवताना फितीची खरखर वाढते, आणि एकदा एकत्र झालेलं पुन्हा सुटं करता येत नाही. म्हणजे चूक राहिली तर ती ठेवायची, नाहीतर सगळं पुन्हा वाजवायचं. यांनी ती ठेवली आणि पुढचं गाणं घेतलं.

तरी पहिले दोन महिने माझं मत वाईटच होतं. 1995 च्या 'एलियन लेन्स'मध्ये 41 मिनिटांत 28 गाणी आहेत. चाल ओठांवर येते न येते तोच गाणं संपतं. 'गेम ऑफ प्रिक्स' तर दीड मिनिटात आटोपतं. इतकी सुंदर चाल हाताशी असताना ती अशी उधळायची, हे माझ्या काटकसरी स्वभावाला सोसत नव्हतं.

मग कळलं की त्याच वर्षीच्या 'टायगरबॉम्ब' या ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, हे गाणं स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड केलेलं आहे. मला हवं होतं ते हेच! आठवडाभर दोन्ही लागोपाठ ऐकली. स्टुडिओतल्यात ड्रम खणखणीत आहेत, शब्द स्पष्ट आहेत, नाव ठेवायला जागा नाही. आणि आठवड्याच्या शेवटी मी जुन्यावर परत आले. जुन्यात गाणं नुकतंच सुचलंय आणि विसरायच्या आत पकडलंय, असं ऐकू येतं. माझं मत फिरलं ते इथे.

पण म्हणून खरखर असेल तरच गाणं चांगलं, असंही नाही. 1999 चा 'डू द कोलॅप्स' 'द कार्स' या बँडच्या रिक ओकासेकने चकचकीत करून दिला; तो मी तीन दिवसांत सोडला. 2001 चा 'आयसोलेशन ड्रिल्स'ही तितकाच स्वच्छ आहे आणि तो मात्र मला मनापासून आवडतो.

माझा सगळ्यात लाडका अल्बम 1992 चा 'प्रोपेलर'. पोलार्डवर कर्ज झालं होतं आणि हा शेवटचा अल्बम, असं ठरलं होतं. 500 प्रती काढल्या आणि प्रत्येकीचं कव्हर हाताने केलं, एकासारखं दुसरं नाही. सुरुवातीला गर्दी 'जी-बी-व्ही, जी-बी-व्ही' असा बँडच्या आद्याक्षरांचा घोष करते. तेव्हा त्यांना विचारणारं कुणी नव्हतं, तो घोष त्यांनी स्वतःच रेकॉर्ड करून घेतलाय. पुढे त्यांच्या मैफिलींत खरी गर्दी हाच घोष करू लागली. हे कळल्यावर तो अल्बम मला सलग ऐकवेना, घसा दाटून आला.

तक्रार आहे ती नंतरच्या काळाबद्दल. 2004 च्या 31 डिसेंबरला बँडने शिकागोत निरोप घेतला, 2010 मध्ये परत आले, 2014 मध्ये पुन्हा थांबले, 2016 पासून पुन्हा सुरू. 2019 मध्ये तीन अल्बम, 2020 मध्ये तीन, 2023 मध्येही तीन. प्रत्येकातून मी दोन-तीन गाणीच ठेवते. सगळे विकत घ्यायच्या फंदात पडू नका. 'बी थाउजंड' आणि 'एलियन लेन्स' घ्या, पैसे वसूल होतील. बाकीचे फुकट ऐकून मग ठरवा.

परवा धाकट्या भावाने माझा हेडफोन घातला. दोन मिनिटांत म्हणाला, "ताई, हा बिघडलाय गं, गिटार गेली मधेच." तो काढायला लागला तसा मी त्याचा हात धरला. म्हटलं, थांब, येतेय ती परत.