प्रयागला संगमावर ३६,४५० रुपयांना बुडालो, घरात कुणी त्रिस्थळीला निघालं असेल तर आधी हे वाचायला द्या

आधी आकडा सांगून टाकतो कारण ज्याला सांगावं तो पहिलं तेच विचारतो. ३६,४५० रुपये. नाव ५,५००, पूजा २,१००, वेणीदान ५,१००, गौदान ११,०००, ब्राह्मणभोजन १२,१००, आणि दूध, नारळ, फुलं, पक्ष्यांना घालायची शेव असं फुटकळ ६५०. यातले ९,४५० रोख गेले आणि २७,००० यूपीआयने, तेही मी स्वतः पिन टाकून. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं बँकेपासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाने मला तेच तोंडावर मारलंय.

आणि "एवढा शिकलेला माणूस, फसलास कसा" हे कृपया कुणी विचारू नका. मी अकाउंट्समधला माणूस आहे, हॉटेलचं बिलसुद्धा दोनदा बघतो. पंडे (तीर्थावरचे पुरोहित) अडवतात, दक्षिणा वाढवत नेतात, नाववाला मध्येच नाव थांबवतो, हे तुमच्याइतकंच मलाही माहीत होतं. पण माझ्याबाबतीत जे झालं ते यातलं नव्हतं, म्हणून तर लिहितोय.

वडील गेल्यावर आईच्या डोक्यात त्रिस्थळीचं बसलं होतं. काशी, प्रयाग, गया. तिचं वय ७६, गुडघे गेलेले, म्हणलं आत्ताच करू. आई, मी आणि बायको, तिघंच. काशीत मुक्काम ठेवला आणि प्रयागला जायला एका एजन्सीकडून गाडी ठरवली, साधारण सव्वाशे किलोमीटर, सकाळी जाऊन रात्री परत. ड्रायव्हर गोड बोलायचा, आईला "माताजी माताजी". गाव कुठलं, कराडकडचं का, मग शिवाजी महाराजांचा जिल्हा, आडनाव काय, आधी घरातलं कुणी प्रयागला आलं होतं का. आईला काय, बोलायला माणूस पाहिजेच. तिने सासऱ्यांचं नाव सांगितलं, ते आणि माई, म्हणजे माझी आजी, अठ्ठावन्न साली आले होते, माईंनी तेव्हा वेणीदान केलं होतं, सगळं सांगितलं. मी पुढच्या सीटवर बसून मोबाईल बघत होतो. मला त्यात संशय घेण्यासारखं काय वाटणार, म्हातारी माणसं प्रवासात बोलतातच. मग एका ढाब्यावर चहाला थांबलो तर हा पठ्ठ्या लांब उभा राहून बराच वेळ फोनवर. मला वाटलं घरी बोलतोय.

(पहिली गोष्ट इथंच सांगतो: गाडीत आजोबा-पणजोबांची नावं, गाव, साल काहीही बोलू नका. आईवडलांना निघायच्या आधी बजावून ठेवा. उद्धट वाटलं तरी चालेल.)

किल्ल्याजवळ गाडी लागली तसा तिशीतला एक पोरगा थेट आमच्याकडे. गंध, उपरणं, आणि तोडकंमोडकं मराठी. "या या आई, सावकाश." आमचं आडनाव त्याने स्वतःहून घेतलं नाही, एवढा तो हुशार. फक्त विचारलं, "जिला सातारा? तालुका कराड?" आणि म्हणाला की मग तुम्ही आमचेच यजमान, वही दाखवतो, नाव नसलं तर एक रुपया देऊ नका.

आता वही म्हणजे काय हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रयागवाल पंड्यांकडे जिल्ह्या-जिल्ह्याच्या, गावा-गावाच्या वह्या असतात, आपल्या पूर्वजांनी येऊन स्वतःच्या हाताने नावं, सह्या केलेल्या असतात. प्रत्येक पंड्याचा झेंडा असतो, त्यावर त्याचं निशाण असतं, लोक निशाणावरून आपला पंडा शोधतात. ही परंपरा खरी आहे आणि ती चालवणारी चांगली माणसंही आहेत हे मुद्दाम लिहितोय. याच खऱ्या गोष्टीचा त्यांनी आमच्यावर वापर केला.

लांबट, लाल कापडात बांधलेली वही, पानं पिवळी पडलेली. त्याने चार-पाच पानं उलटली, मुद्दाम चुकीच्या गावावर थांबला, "ये नहीं, ये नहीं," आणि मग बोट ठेवलं. आजोबांचं नाव, गाव, सन १९५८, आणि खाली "पत्नी माई".

आईने वहीला हात लावून नमस्कार केला आणि रडायला लागली. बायकोच्या डोळ्यात पाणी. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू.

रोज रात्री मला तेच पान दिसतं. माई! अहो, माई हे घरातलं हाक मारायचं नाव. आजीचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, सातबाऱ्यावर वेगळं आहे. अठ्ठावन्न साली आजोबा परक्या माणसाच्या वहीत बायकोचं नाव लिहिताना "माई" लिहितील? त्यांची तर ती माईसुद्धा नव्हती, पोरं माई म्हणायची! आणि अक्षर हिंदी वळणाचं, शाई निळीशार, जेल पेनची असते तशी चमकणारी, बोट फिरवलं असतं तर बोटाला लागली असती. पान जुनं होतं, नोंद तासाभरापूर्वीची होती. पण शेजारी आई रडत असताना शाई तपासतो का कुणी? तुम्ही तपासली असती? मला तरी नाही वाटत.

त्यानंतर आम्ही त्याचेच झालो. नावेचे ५,५०० त्यानेच ठरवले, मी घासाघीसही केली नाही. नावेचे दर ठरलेले असतात, घाटावर बोर्ड असतो, तो आधी शोधा आणि त्याचा फोटो काढा. आम्हाला त्याने ज्या बाजूने नेलं तिथं मला बोर्ड दिसला नाही, आणि त्याने तीच बाजू का निवडली हे आता कळतंय.

संगम मात्र सुंदर आहे, ते नाकारत नाही. गंगा मातकट, यमुना हिरवट, दोन्हीमधली रेघ डोळ्यांना दिसते, थंडीत आलेले ते पांढरे पक्षी नावेभोवती घिरट्या घालत असतात. मध्ये नावा एकमेकींना बांधून फळ्या टाकलेल्या, तिथंच स्नान, तिथंच पूजा. वेणीदान झालं. मी बायकोची वेणी घातली, आमच्या लग्नाला २२ वर्षं झाली आणि मला वेणी घालता येत नाही म्हणून आई हसली, वेणीचं टोक कापून संगमात सोडलं. तोपर्यंत वेणीदान "जो श्रद्धा हो" असं होतं.

मग संकल्प. तळहातावर पाणी, अक्षता, फूल, एक नाणं. तो म्हणतोय, आपण मागून म्हणतोय. जम्बूद्वीपे, भरतखण्डे, गोत्र, नाव, इथपर्यंत आपल्याला सवयीचं. त्याच लयीत तो पुढं "एकादश ब्राह्मण भोजन", "गोदान", "एकादश शत" असं म्हणत गेला आणि आम्हीही म्हणत गेलो. पाणी सोडलं. फुलं वाहून गेली. आणि मग हा शांतपणे हिंदीत हिशोब सांगतोय की अकरा ब्राह्मण, प्रत्येकी अकराशे, म्हणजे १२,१००, गाईचे ११,०००. मी म्हणलं हे कधी ठरलं? तर म्हणे, "आपने अपने मुँह से बोला है, गंगा मैया साक्षी हैं।" गाय म्हणून हातात काय दिलं होतं तर बोटाएवढी पत्र्याची गाय, तीही नंतर परत घेतली.

संकल्पाच्या आधी, हात कोरडा असतानाच, एकूण किती आणि कशाकशाचे हे आकड्यात विचारा. जमलं तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि संकल्पात संख्या ऐकू आली की तिथंच गप्प बसा, मागून म्हणू नका.

मी आवाज चढवला तर तो माझ्याशी बोललाच नाही. आईकडे वळला. संकल्प अर्धवट राहिला तर पितरांना कसं अडकल्यासारखं होतं, बाबूजी आत्ताच गेलेत ना (हेही गाडीतलंच!), वगैरे. नाववाला वल्ही आत घेऊन बिडी ओढत बसलेला. आई म्हणाली, "दे रे बाबा, इथं वाद नको." ७६ वर्षांची बाई, पाण्याच्या मधोमध, नवऱ्याच्या नावाने. काय करायचं होतं मी? पोहत यायचं होतं? रोख होती ती दिली, बाकीसाठी त्याने क्यूआर कोड पुढं केला. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. १५,००० आणि १२,००० असे दोन व्यवहार. पंड्याचं खातं ट्रेडर्सच्या नावाने कसं, हा प्रश्न मला पडला होता, मी विचारलाही, तर म्हणाला भावाचं दुकान आहे. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, बास.

परत आल्यावर कराडच्या चुलतभावाला मोठ्या कौतुकाने फोन केला की आजोबांची नोंद सापडली. तो म्हणाला, कसं शक्य आहे, मी २०२५ च्या कुंभात आपल्या पंड्याकडे जाऊन आलोय, आणि त्याने पानाचा फोटो पाठवला. आजोबांची मोडीतली सही. खाली आजीचं खरं नाव. आणि साल १९६१. आईची तीन वर्षांची चूक झाली होती, ती लग्न होऊन घरात यायच्या आधीची गोष्ट, तिने ऐकीव सांगितलं होतं. म्हणजे बनावट नोंदीत आईची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली होती. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

पोलिसांना काय पाहिजे ते सांगतो. काशीतून परत गाडी करून (वेगळी!) प्रयागला गेलो. घाटाजवळच्या चौकीत ऐकूनच घेईनात, म्हणे थाण्यात जा. थाण्यातला साहेब अर्धा तास बसवून म्हणाला, दान तुम्ही स्वखुशीने दिलंय, दान परत मागतात का? सगळे हसले. मी म्हणलं दान नाही, बनावट वही दाखवून घेतलेत, फसवणूक आहे, भारतीय न्याय संहिता कलम ३१८. तर "वकील हैं क्या आप?" वहीचा फोटो आहे का? नाही, कारण "वही का फोटो नहीं लेते, दोष लगता है" असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. त्या माणसाचा फोटो? बायकोने वेणीदानाचा काढला त्यात त्याचा अर्धा चेहरा आणि उपरणं आहे. तो बघून म्हणाले, असे इथं हजार फिरतात. अहो मग हजार फिरतात हे तुम्हाला माहितीय ना! कुंभात ड्रोन उडवता, कॅमेरे लावता, आणि एका गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला रडवून पैसे काढणारा माणूस तुम्हाला सापडत नाही? अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का देणारा जेवायला गेलेला. तो जेवायला गेला तो गेलाच.

बँकेने सांगितलं, पिन तुम्ही टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे. तक्रार बंद. एजन्सीने सांगितलं, ड्रायव्हर आमचा नाही, बाहेरून घेतलेला आहे. पुण्यात आल्यावर इथल्या ठाण्यात गेलो, झिरो एफआयआर करा म्हणलं, गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, कायद्यात आहे. त्यांनी मला चहा पाजला. गुन्हा नोंदवला नाही.

यूपीआयने पैसे गेले असतील तर वाट न बघता लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात. मी पहिले चौकी-थाणं करत बसलो, त्यात वेळ गेला, कारण मला वाटलं समोरासमोरचं आहे, पोलीस ऐकतील.

ज्यांना जायचंय त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून, भावकीकडून आपल्या पंड्याचं निशाण आणि नंबर घेऊन निघा. माहीत नसेल तर काशीत किंवा प्रयागला मराठी लोकांची जुनी उपाध्यायांची घरं आहेत, तिथं आधी फोन करून सगळं आकड्यात ठरवा. आम्ही गयेला असंच केलं, विष्णुपदावर पिंडदान, ठरलेल्यापेक्षा एक रुपया जास्त लागला नाही, गुरुजींनी आईला खुर्चीसुद्धा आणून दिली. वही दाखवली तर सही बघा, अक्षर बघा, आणि एक नाव मुद्दाम चुकीचं सांगून बघा. ते चुकीचं नाव वहीत सापडलं की उठा.

ड्रायव्हरला परवा दुसऱ्या नंबरवरून फोन लावला. आधी ओळख दाखवेना. मी म्हणलं ३६,४५० मधले तुला किती मिळाले, तर रागाने म्हणतो, "इतना हुआ? मुझे तो बीस हज़ार बताया था!" हे रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, दोन ठिकाणी कॉपी करून ठेवलंय, सोमवारी ते घेऊन परत ठाण्यात जाणार आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय वही खरी होती.