शिडाची १४ फुटी होडी, सहा महिने विजयदुर्गात वापरून : होडी चांगली आहे, पण बूच बघून घ्या

परवा होडी वर काढली. १ जूनपासून मासेमारी बंद होते, सगळेच वर घेतात, आम्हीही माडाखाली चढवली. चढवल्यावर मागचं, आत साठलेलं पाणी काढून टाकायचं बूच काढलं तर आतून चहाच्या कपाएवढं पाणी आलं. जानेवारीत याच भोकातून दोन बादल्या निघाल्या होत्या. त्या दोन बादल्या आणि हा एक कप यांच्या मधला जो सगळा ताप झाला तो लिहायचाच होता, कारण घेताना शिडं, डोलकाठी, फायबर सगळं लोक बघतात, बुचाकडे कोणी बघत नाही, आम्हीही बघितलं नाही.

तिघांत मिळून दिवाळीनंतर घेतली, नवी कोरी, मेन (मोठं) आणि जिब (पुढचं छोटं) अशी दोन शिडं, डबल तळाची, म्हणजे वरचा डेक आणि खालचा तळ यांच्यामध्ये बंद पोकळी असते तशी. मी, माझा मावसभाऊ आणि कुडाळचा एक मित्र. शिडाचं ज्ञान मित्राला, तो मुंबईत क्लबात शिकला होता, आम्ही दोघं शून्यापासून. शीट म्हणजे शीड नाही, शीड ओढायचा दोर, हे कळायलाच पहिला दिवस गेला.

पहिली फेरी मी विसरणार नाही. सकाळी आठला जेटीजवळून निघालो, मतलई वारा होता, जमिनीकडून येणारा, अगदी हलका आणि सरळ, होडी आपली आपण किल्ल्याच्या दिशेने चालली होती, पाण्याचा नुसता चुळूक चुळूक आवाज. किल्ल्याचा तट पाण्यातून बघितला आणि खरंच गळा दाटून आला, लहानपणापासून एसटीतून उतरून बघितलेला तोच किल्ला. पण साडेदहाला वारा पडला. ठार पडला. आणि ओहोटी चालूच. त्या दिवशी दशमी होती, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे आजोबा सांगायचे, दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला भरती पुरी होऊन आम्ही निघालो तेच मुळी सुकतीवर, आणि दीडपर्यंत पाणी बाहेरच ओढणार. हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दोन वल्ही होती म्हणून किल्ल्याच्या आडोशाला धरून राहिलो, मग साडेबाराच्या सुमारास वायव्येचा खारा वारा, म्हणजे समुद्राकडून येणारा, सुटला तेव्हा घरी. आता निघायच्या आधी पंचांग बघतो आणि भरतीबरोबर आत वाघोटनच्या खाडीत जाऊन ओहोटीबरोबर परत येतो. नवशिक्यांनी पहिला महिना खाडीतच काढावा असं माझं स्पष्ट मत आहे.

नोव्हेंबर-डिसेंबर फार सुंदर गेले. गिर्येला मराठा आरमाराची जुनी गोदी आहे खाडीकाठी, भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की डागडुजी करायची, तिथपर्यंत दोनतीनदा जाऊन आलो. हलक्या वाऱ्यातसुद्धा होडी चालते, टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यासमोरून वळताना, अडकत नाही, शिडाचं कापड उत्तम आहे. तेव्हा कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

मग हळूहळू होडी जड वाटायला लागली. वारा तोच, माणसं तीच, पण ती उठेचना. आम्हाला वाटलं आपलंच शीड नीट लागत नाही, तासन् तास ते खेचाखेची करत बसलो. जानेवारीच्या एका दुपारी वारा वाढला, लाटांच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलं, एक झोत आला आणि उलटलो. लाईफ जॅकेटं होती, उलटी होडी सरळ करायचं आम्ही उथळ पाण्यात दहादा केलेलं, सेंटरबोर्डवर (तळातून खाली पाण्यात जाणारी फळी) उभं राहायचं, शीट सैल सोडायची, मागे झुकायचं. सरळ झाली. आणि लगेच दुसऱ्या बाजूला परत कोसळली. तीनदा. तिसऱ्यांदा मावसभावाचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. मासेमारीवरून परतणाऱ्या एका होडीने दोर टाकून आम्हाला ओढून आणलं. त्यांचे तांडेल काका, म्हणजे होडीचे प्रमुख, वाळूवर होडीला नुसता हात लावून म्हणाले, "पोटात पाणी आसा रे हिच्या, कान लावन बघ." हलवली तर आत खळखळ. बूच काढलं, दोन बादल्या. ३५-४० लिटर म्हणजे तितकेच किलो, दहावीतलं एक पोर आत लपून बसल्यासारखं, आणि ते पोर होडी कलली की पळत त्याच बाजूला जाणार. मग ती सरळ राहणार कशी?

विकणाऱ्याला फोन केला. पहिलं उत्तर, बूच झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही. दोन महिन्यांत? दुसरं उत्तर, पूर्ण सेट १,८५० रुपये, कुरिअर वेगळं. तिसऱ्या फोनला म्हणाले, तुम्ही समुद्राच्या खाऱ्या पाण्यात वापरली म्हणून झालं असेल. पावणेतीन लाखांची होडी घेतल्यावर हे ऐकून घ्यायचं? त्या दिवशी मी भयंकर चिडलो होतो आणि ती चीड अजून गेलेली नाही.

इथपर्यंतचं बरंचसं मी जानेवारीतच लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की होडी घेऊ नका. ते वाक्य आता मागे घेतो.

झालं असं की बुचाच्या आट्यांखाली रबरी ओ-रिंग लागते ती मुळात नव्हतीच. देवगडला पंप दुरुस्तीच्या दुकानात मिळाली, दहा रुपये. लावली, पाणी निम्म्यावर आलं पण थांबलं नाही. मग साबणाचं पाणी फासून आत नळीने तोंडाने हवा फुंकली, कुठे बुडबुडा येतो ते बघायला (कॉम्प्रेसर लावू नका कधीही, डेक आणि तळाचा सांधा उसवेल). कुठेच बुडबुडा नाही, फक्त बुचाशी. तेव्हा मित्राने क्लबातल्या त्याच्या शिक्षकांना विचारलं, त्यांनी एकच प्रश्न केला, ब्रीदर उघडा आहे का?

ब्रीदर म्हणजे पोकळीतली हवा आतबाहेर व्हायला ठेवलेलं बारीक भोक. आमच्या होडीत बसायच्या जागेच्या पुढच्या भिंतीवर, डेकच्या ओठाखाली होतं, म्हणजे असायला हवं होतं. मोबाईलचा टॉर्च धरून बोट फिरवलं तर एक पुटकुळीसारखा उंचवटा लागला, वर जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) बसून गच्च बुजलेला. वाळूवर होडी उन्हात तापते, आतली हवा फुगते, मग आपण तिला गार पाण्यात लोटतो, हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून ओढून घेते. गरम पाण्याने धुतलेली बाटली लगेच झाकण लावून ठेवली की आत चेपते ना, तसंच. बाटली चेपते, होडी चेपू शकत नाही, म्हणून ती बुचाच्या आट्यांमधून पाणी पिते. दर फेरीला थोडं थोडं. आम्ही दाभणाने तो जेलकोट टोचून भोक मोकळं केलं, आतून फुस्स करून हवा आली, तिघांनीही ऐकलं.

त्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या चांगल्या वाऱ्यात, दोनदा उलटून झाल्यावरसुद्धा, होडी एका झटक्यात सरळ उभी राहते. परत तीच डिसेंबरची होडी. इतकी चांगली होडी आणि दहा रुपयांच्या रिंगेपायी, बुजलेल्या भोकापायी तिघांचा जीव टांगणीला लागला, हे मला सहन होत नाही. विकताना पाच मिनिटं काढून हे दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?

बाकी किरकोळ. सुकाणूच्या पिना स्टेनलेस म्हणून दिल्यात, पण तांबूस डाग आलेत, दर वेळी गोड्या पाण्याने धुवाव्याच लागतात. ट्रॉलीची चाकं मऊ वाळूत रुततात. वल्ही हलकी आहेत, एक जास्तीचं ठेवा.

नारळी पौर्णिमेनंतर पाऊस ओसरला की परत पाण्यात घालू. तोवर होडी पालथी आहे, बूच काढून ठेवलंय म्हणजे आत हवा खेळेल. बूच, दोन जास्तीच्या रिंगा आणि ते दाभण एका डबीत घालून डबी सुकाणूला बांधून टाकली आहे.