जुने सिनेमे, जुन्या मालिका घरी बघायच्या तर कुठून बघायच्या आणि गुण कसे द्यायचे?

कोल्हापुरात जुना सिनेमा कुणाला परका नसतो. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तीही इथंच, आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आपल्या गावातलाच. पेठेतल्या कितीतरी घरांत कुणीतरी स्टुडिओत सुतारकाम केलेलं, पडदे रंगवलेलं, नाहीतर गर्दीच्या सीनमध्ये उभं राहिलेलं असतं. त्यामुळं गुण देताना आपला हात सैल सुटतो. मला ते पटत नाही. आपल्या माणसांचं काम आहे, म्हणूनच ते पूर्ण आणि चांगल्या प्रिंटमध्ये बघावं, आणि मगच गुण द्यावेत.

बघायच्या वाटा तीन: यूट्यूब, पैसे भरून घेतलेलं ॲप आणि कपाटात पडून असलेल्या सीडी-डीव्हीडी.

यूट्यूब

सगळ्यात जास्त माल इथंच आहे, त्याला कारणही आहे. आपल्या कायद्याप्रमाणं चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे प्रभातचं सगळं काम आणि पन्नाशीच्या दशकातले सिनेमे आता कुणीही चढवू शकतो. म्हणून एकाच सिनेमाच्या चार-पाच प्रिंट सापडतात, आणि त्यातली बरी कुठली हे बघणाऱ्यानंच ठरवायचं असतं. एकीत कोपऱ्यात भलामोठा लोगो असतो. दुसरीत चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं असतं, सगळी माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. तिसरीत पडदा भरायचा म्हणून वरून-खालून कापलेलं असतं, म्हणजे पागोटं गेलं आणि पायही गेले. गाणी कापलेली प्रिंट सगळ्यात वाईट.

आमच्याकडं हे आईच्या लक्षात येतं. ती मांडीवर परात घेऊन मेथी निवडत बसलेली असते, अर्धं लक्ष टीव्हीकडं. मध्येच हात थांबतो. "हितं गाणं हुतं की रं," म्हणते. मग दुसरी प्रिंट शोधून लावावी लागते, आणि गाणं तिथं असतं.

घरात असं माणूस नसेल तर लांबी तपासा. ‘संत तुकाराम’ची (१९३६) लांबी १३१ मिनिटं नोंदलेली आहे. समोरची प्रिंट १२६ मिनिटांची निघाली तर घाबरायचं कारण नाही. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, आपल्याकडची टीव्हीची पद्धत २५ची. टीव्हीसाठी उतरवताना फिल्म बहुधा किंचित जोरात पळवतात, तेवढ्यानंच पाच मिनिटं कमी होतात आणि आवाज जरासा चढा लागतो. पण प्रिंट १०५ मिनिटांची असेल तर कात्री लागलीय हे नक्की. तिच्यावरून गुण देऊ नका. या सिनेमात तर गाणं कापणं म्हणजे कथाच कापणं आहे: तुकोबांचा साधा सूर आणि त्यांचा हेवा करणाऱ्या सालोमालोची नाटकी गायकी शेजारी शेजारी ठेवूनच दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी खरा भक्त कोण ते सांगितलंय.

आणखी एक खबरदारी. प्रभातचे पुष्कळ सिनेमे मराठी आणि हिंदी असे दोनदा काढलेले आहेत. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’. हे डबिंग नव्हे, वेगळं चित्रीकरण आहे, आणि काही ठिकाणी नटही बदललेले आहेत. ‘शेजारी’त (१९४१) पाटील केशवराव दाते आहेत, ‘पडोसी’त तीच भूमिका मजहर खान यांची. शोधताना आधी हिंदी समोर येतं आणि माणूस तेच लावून बसतो. कुठली आवृत्ती बघितली ते लिहून ठेवल्याशिवाय गुणांना अर्थ नाही.

पैसे भरून घेतलेलं ॲप

ॲपवर मधेमधे जाहिराती कमी, सबटायटल बऱ्याचदा असतात, आणि मोठ्या टीव्हीवर लावायला सोपं. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांना भालजींच्या सिनेमातली रांगडी भाषा कळत नाही, तिथं सबटायटल फार उपयोगी पडतात. पण पैसे भरले म्हणून प्रिंट चांगली मिळेल असं नाही. कित्येकदा टीव्हीसाठी उतरवलेली तीच जुनी प्रिंट असते, फक्त वरचं पोस्टर नवीन. शिवाय करार संपला की सिनेमा एके दिवशी गायब. ऐंशीच्या दशकातली विनोदी मराठी चित्रपटांची लाट बघायची असेल तर ॲप घ्यावं, त्याच्या मागचं हवं असेल तर नुसत्या त्यासाठी वर्षाचे पैसे भरू नयेत. महिन्याचे भरा, काय काय आहे ते बघा, मग ठरवा.

दूरदर्शनच्या जुन्या मालिकांसाठी प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलंय. मालिकांचाच नाद असेल तर सुरुवात तिथून करावी.

सीडी-डीव्हीडी

नव्यानं जमवायला जाऊ नका. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. जुन्या २१ इंची टीव्हीवर ते खपून गेलं, ४३ इंचीवर नुसता लगदा दिसतो. डीव्हीडी ७२० बाय ५७६ची, ती अजूनही बघण्यासारखी असते. घरात असतील तर टाकू नका, एवढंच. भर पावसाळ्यात नेट गेल्यावर त्याच कामाला येतात.

वाट कुठलीही धरा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर साइज ४:३ किंवा ओरिजिनल करा आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील. दिसू देत.

सिनेमा की मालिका?

हा प्रश्न वेळेचा आहे, आवडीचा नंतर. सिनेमा एका रविवारी दुपारी संपतो. ‘महाभारत’ ९४ भागांचं आहे. पाऊण तासाचा भाग धरला तर सत्तर तास झाले. ‘भारत एक खोज’ ५३ भागांचं, पण ते सलग बघायची सक्ती नाही. शिवाजी महाराजांवरचे नसीरुद्दीन शाहांचे भाग तेवढे बघितले तरी चालतं. वेळ अगदीच कमी असेल तर बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) घ्या. बहुतेक गोष्टी एका भागात मिटतात.

मालिका मोजताना सिनेमाची फूटपट्टी लावू नये. ती आठवड्याला एक भाग या हिशेबानं लिहिलेली असते. मागचं पुन्हा सांगणं, शेवटी अडवून ठेवणं, हे सात दिवस वाट बघणाऱ्यासाठी होतं. आपण एका रात्रीत सहा भाग बघतो आणि मग कंटाळवाणी म्हणून गुण कापतो, हा त्या लेखकावर अन्याय आहे. दिवसाला एकच भाग बघा, मग द्या गुण.

चित्राच्या बाबतीतही दोन्हीकडं हिशेब वेगळा. सिनेमाची मूळ निगेटिव्ह कुठं जपलेली असेल तर तिच्यावरून आजही लख्ख प्रिंट निघू शकते, म्हणून धूसर दिसलं तर दोष प्रिंटचा. व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत मुळातच ५७६ रेघा. वर एचडी लिहिलं तरी त्यात नवीन काही येत नाही. आणि आहे ते तरी उरलंय हे मोठं. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातल्या पुष्कळ टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, आणि पेंटरांचे मूकपट तर जवळपास सगळेच हरवले.

गुण कुठं आणि कसे?

आयएमडीबी या सिनेमा-मालिकांच्या माहितीच्या साइटवर १ ते १० गुण देता येतात, मालिकेच्या एकेका भागालासुद्धा. पण जुन्या मराठी सिनेमांना तिथं मतं थोडी, त्यामुळं दहा जणांनी प्रेमानं १० दिले की सरासरी फुगते. तिथला आकडा बघून काय बघायचं ते ठरवू नका. आपले गुण मात्र जरूर द्या, कारण तुमचं एक मत तिथं वजनदार ठरतं. लेटरबॉक्स्ड या सिनेमांच्या साइटवर अर्धा तारासुद्धा देता येतो आणि तारखेनुसार डायरी राहते, ती मला फार आवडते. मालिका मात्र तिथं बहुतेक नाहीतच. सिनेमे आणि मालिका दोन्ही बघणाऱ्यासाठी साधी शंभर पानी वही या दोन्हींपेक्षा बरी.

वहीत दोन रकाने पाडा, एक कामाचा आणि एक प्रिंटचा. उदाहरण सांगतो. ‘साधी माणसं’ (१९६५) मी धुरकट प्रिंटमध्ये बघितला, आवाज घरघरत होता. प्रिंटला ३ दिले. कामाला ९, कारण भालजींनी लोहाराच्या घरातलं कष्टाचं जगणं कुठंही दया न मागता दाखवलंय, आणि आनंदघन या नावानं लतादीदींनी दिलेलं संगीत त्या घरातलंच वाटतं. एकच आकडा दिला असता तर ६ झाले असते, आणि ते दोन्हीकडून खोटं. पुढं चांगली प्रिंट मिळाली की कामाचा आकडा तसाच ठेवून फक्त प्रिंटचा बदलायचा.

गावच्या ओढीचं काय? पडद्यावर ओळखीचा वाडा दिसला, आजोबांच्या दोस्ताचा चेहरा दिसला, तर ते शेऱ्यात लिहा, तारखेसकट, नावासकट. गुणांत मिसळू नका. उद्या कुणी त्या काळातल्या कोल्हापूरच्या कामगारांची नोंद करायला बसलं तर त्याला तो शेराच लागणार आहे.

आता ठरवायचं असेल तर असं. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे आणि रविवारची दुपार मोकळी आहे: यूट्यूब, लांबी तपासून, पन्नास-साठच्या दशकातला मराठी सिनेमा, आणि रिमोट त्यांच्याच हातात. रोज रात्री जेवणानंतर अर्धा-पाऊण तासच मिळतो: वेव्हजवर मालिका, रोज एक भाग. पोरांना पहिल्यांदाच दाखवताय: सबटायटल असलेलं ॲप, एका महिन्यापुरतं, आणि पहिला सिनेमा विनोदी.