एकच जंतू, दोन वळणं: पश्चिमी आणि पूर्व आशियाई पायलोरी

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जंतू १९८२ मध्ये वॉरन आणि मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी पोटातून वेगळा करून वाढवला. पण जगभरचा पायलोरी एकसारखा नाही. पुष्कळ वाणांकडे कॅग-ए हे प्रथिन असतं; जंतू ते सुईसारख्या नळीतून जठराच्या पेशीत थेट टोचतो. खरा फरक या प्रथिनाच्या शेपटाकडे. पश्चिमी वाणात तिथे ‘सी’ तुकडा, जपान-कोरियाकडच्या वाणात ‘डी’. हा ‘डी’ पेशीतल्या एसएचपी-२ या विकराला (एन्झाइमला) जास्त घट्ट चिकटतो आणि पेशीची वाढ बिघडवतो; त्यातून पोटाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून मला पूर्वेकडचा वाण जास्त घातक वाटतो. अर्थात खारवलेले मासे, धूम्रपान यांचाही जपानी पोटाच्या कर्करोगात वाटा आहेच. आपल्याकडचे बहुतेक पायलोरी पश्चिमी वळणाचे. उपचाराला प्रतिजैविकं मात्र दोन्ही वाणांसाठी लागतात.