कर्ज तुमच्या नावावर, हप्ते आमचे! अंबाजोगाईत बायकांना असं गंडवलं

"कर्ज फक्त तुमच्या नावावर उचला, हप्ते आम्ही भरतो," असं कुणी दारात येऊन म्हणालं, तर त्याला बसायलासुद्धा सांगू नका. आमच्या गल्लीतल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी बायका त्या एका वाक्यापायी आज हप्ते फेडतायत. त्यांत मीही आहे. पण सुरुवात अक्कांपासून करावी लागेल, कारण फसवणाऱ्या दोघांनी आधी अक्कांना हेरलं होतं.

अक्कांना ओळखत नाही असं घर आमच्या भागात सापडायचं नाही. मालक लवकर गेले. दोन लेकरं त्यांनी चुलीच्या जिवावर वाढवली. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात केज, धारूर, परळीकडच्या खेड्यांतून पेशंट येतात, सोबतची माणसं आठ-आठ दिवस आवारात पथारी टाकून असतात. अक्का त्यांना डबा देतात: ज्वारीच्या भाकरी, बेसन, कारळाची चटणी. उन्हाळ्यात कुरडया, खारोड्या, उडदाचे पापड. येसर आणि काळा मसाला बारमाही. कुणाच्या लेकीचं रुखवत असो, कुणाचं बाळंतपण असो, आधी अक्कांना निरोप जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका घराची किल्ली आणि बँकेचं पासबुक अक्कांच्या फडताळात ठेवून कारखान्याला निघतात. एवढा विश्वास सख्ख्या जावेवरही कुणी टाकत नाही.

नेमका हाच विश्वास त्या दोघांना पाहिजे होता.

चाळिशीतली एक बाई आणि तिच्याबरोबर एक तरुण, ती त्याला भाचा म्हणायची. पहिले काही आठवडे ती कामाचा चकार शब्द बोलली नाही. येसर न्यायची, मागेल तो भाव द्यायची, लेकरांची नावं लक्षात ठेवायची. संक्रांतीला हळदीकुंकवाला आली, येताना सगळ्यांसाठी वाण घेऊन आली. अक्कांच्या ओसरीवर बसून भाकरी खाल्ली. आम्हाला ती आमच्यातलीच वाटायला लागली, आणि मग तिनं विषय काढला. म्हणाली, "अक्का, तुमच्या हाताला चव आहे, पण किती दिवस असं डबे वाहणार? बायकांचं उद्योग केंद्र काढू. यंत्र आम्ही देतो, डाळ-पीठ आम्ही देतो, तयार पापड आम्हीच उचलतो. तुम्ही फक्त चार बायका गोळा करा."

पैसा कुठून आणायचा, तर बायकांच्या गटाला छोटी कर्जं देणाऱ्या फायनान्स कंपनीकडून. प्रत्येकीनं गटाचं 40,000 रुपयांचं कर्ज घ्यायचं आणि रक्कम केंद्राकडं भरायची. महिन्याचा दोन हजारांच्या वरचा हप्ता केंद्र भरणार, वर बायकांना मजुरी सुटणार. शेवटी निम्मं कर्ज सरकारी अनुदानात माफ होणार.

त्या अनुदानाबद्दल इथंच सांगते, कारण खोटं सगळ्यात जास्त तिथंच खपलं. पापड-मसाल्यासारख्या छोट्या खाद्यउद्योगांसाठी केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना 2020 पासून खरोखरच आहे. प्रकल्पाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळतं. बचत गटातल्या बाईला बीजभांडवल म्हणून 40,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात. हा आकडा त्या बाईनं उगाच निवडला नव्हता. कुणी कृषी कार्यालयात जाऊन विचारलं असतं तर "हो, 40,000 ची योजना आहे" असंच ऐकायला मिळालं असतं. फरक इतकाच की खऱ्या योजनेत उद्योगाचं कर्ज बँक देते आणि अनुदान त्याच कर्जखात्यावर येतं, बीजभांडवल गटाच्या संघामार्फत येतं. फायनान्सच्या गटकर्जावर ते कधीच लागू होत नाही, आणि कुणा मधल्या माणसाच्या हातात रोकड द्यावी लागत नाही.

फायनान्सवाल्यांची कागदपत्रं मात्र सगळी खरी होती. आधार, पॅन, पासबुक, फोटो, नवऱ्याची सही, अंगठा, ओटीपी. कर्ज खरं, नाव आमचं, खातं आमचं. पैसे खात्यावर पडले त्याच दिवशी ती बाई आम्हाला घेऊन बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर आली. मांडीवर पर्स उघडी ठेवून बसली होती. एकेकीनं नोटा काढायच्या, तिच्या हातात द्यायच्या, भाचा पावती फाडायचा. ती पावती अजून माझ्याकडं आहे. गुलाबी कागद, वर अन्नपूर्णेचं चित्र, खाली गोल शिक्का. नोंदणी क्रमांक नाही, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. सहीच्या जागी नुसती एक वेलांटी. कुणी म्हणलं की खात्यावरूनच पाठवतो, तर ती म्हणायची, "ऑनलाइनला टॅक्स कटतो गं, तुझंच नुकसान." मोबाईलवरून पैसे गेले असते तर कुणाच्या खात्यात गेले त्याचा माग राहिला असता. रोख दिल्यावर काय राहतं? फसवणूक ऑनलाइन झाली असेल तर 1930 या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करता येतो, आम्हाला ती सोयही उरली नाही.

यंत्र आलं. तसंच यंत्र नंतर लातूरच्या दुकानात बघितलं, तिनं लावलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी भाव होता. पहिला माल चांगल्या भावानं उचलला. हप्त्याची रक्कम ती पाकिटात घालून फायनान्सच्या हप्त्याच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी अक्कांकडं द्यायची, अक्का घरोघर पोचवायच्या. मग ती म्हणायला लागली, मागणी वाढली, आणखी बायका आणा. नव्या बायकांनी भरलेल्या पैशांतूनच जुन्यांचे हप्ते जात होते. केंद्र काही कमवत नव्हतं. हळूहळू माल नापास व्हायला लागला, पापड जाड आहे, रंग काळपट आहे. दिवाळीनंतर पाकीट यायचं थांबलं, फोन बंद, भाड्याच्या गाळ्याचं शटर खाली, बोर्ड काढून नेलेला.

त्यानंतर जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. बायका अक्कांच्या दारात गेल्या. "तूच पाकीट आणून द्यायचीस ना? तुला किती मिळाले सांग!" ज्यांच्या लेकरांना अक्कांनी तापात मांडीवर घेतलं, त्या बोलत होत्या. अक्कांच्या स्वतःच्या नावावर कर्ज, सुनेच्या नावावर कर्ज, आणि कमिशन म्हणून एक रुपया हाताला लागलेला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मपल्या तोंडाकडं बघून दिले गं पोरींनी पैसे." तेव्हापासून अक्का हळदीकुंकवालासुद्धा कुणाकडं जात नाहीत. पैसा चार वर्षांनी का होईना फिटेल. ही माणसं जो शब्द लुटून गेली, तो कुठून भरून आणायचा? अक्कांना बोल लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे, ठगानं मुद्दाम पाकीट अक्कांच्या हातानं फिरवलं. तुम्ही एकमेकींना धरावं आणि त्याला पळायला वेळ मिळावा, हा त्याचा डाव होता. तो आपण पुरा करून दिला.

आता हप्त्याचं. कर्ज ज्याच्या नावावर, त्यालाच ते फेडावं लागतं, पैसे पुढं कुणाला दिले याच्याशी फायनान्सला देणंघेणं नसतं. पण वसुलीलाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे अशा सूक्ष्म कर्जाच्या वसुलीला सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर येता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं चालत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असाही नियम आहे. आमच्यातल्या एकीच्या दारात रात्री आठला माणूस बसून राहिला, तिनं हा नियम सांगितल्यावर तो उठला. पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल फुकट देतात, तोही काढून बघा. आमच्यातल्या एकीच्या नावावर तिला माहीत नसलेलं दुसरं कर्ज निघालं, तिचा अंगठा घेतला त्याच दिवशीचं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, ते आम्ही आता सगळ्यांनी केलंय.

तक्रार दिली आहे. वकिलांनी सांगितलं, फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, आणि परतावा देतो म्हणून ठेवी घेतल्याचं दाखवता आलं तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदाही लागू शकतो, त्यात मालमत्ता जप्त करता येते. त्यासाठी तक्रारदार जास्त हवेत. कितीतरी जणी अजून घरातून बाहेर पडलेल्या नाहीत. कुणाच्या नवऱ्याला माहीत नाही, कुणाला सासूची भीती. दोघी तर कर्ज फेडायला उचल घेऊन ऊसतोडीला गेल्या, ज्या आधी कधी गेल्या नव्हत्या.

केज, धारूर, परळी भागात गुलाबी पावतीवर अन्नपूर्णेचं चित्र असलेल्या केंद्रात कुणी पैसे भरले असतील, तर ती पावती, फायनान्सचं हप्त्याचं कार्ड आणि पैसे काढल्याची नोंद असलेलं पासबुकाचं पान घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात जबाब द्या. अक्कांनी जबाब दिला आहे. त्यांच्या वहीत कुणाला कोणत्या तारखेला पाकीट पोचवलं ते सगळं लिहिलेलं आहे, आणि ती वही त्यांनी स्वतःहून पोलिसांकडं जमा केली आहे.