फेरेटला इन्शुलिनोमा: ऑपरेशन करायचं की औषधांवर ठेवायचं?

आमची चिंगी म्हणजे फेरेट, मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव मांसाहारी प्राणी. तिला पहिली फिट आली ती पहाटे, शेवटचं खाणं होऊन सात तास उलटल्यावर. त्याआधी पंधरा दिवस ती अधूनमधून शून्यात बघत बसायची, तोंडाशी पंजे मारायची, लाळ गाळायची, मागचे पाय ओढत चालायची. आम्ही दोष दिला एप्रिलच्या उन्हाला. पुण्यात पारा चाळिशीला टेकला होता आणि फेरेटला उकाडा मुळीच सोसत नाही, म्हणून ते पटलंही. साखर तपासली तर ४८. निरोगी फेरेटची थोडा वेळ उपाशी असतानाही साधारण ९० च्या आसपास किंवा वर असते. वय तीनच्या पुढे आणि साखर ६० च्या खाली असेल, तर स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या गाठी, म्हणजेच इन्शुलिनोमा, असल्याचा संशय डॉक्टर आधी घेतात.

एक सूचना आधीच करते. माणसांच्या ग्लुकोमीटरवर फेरेटची साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते. घरी रोजचा चढउतार बघायला तो चालेल, पण ऑपरेशनचा निर्णय लॅबच्या आकड्यावरच घ्या. आणि तपासणीसाठी तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका.

ऑपरेशनमध्ये सर्जन पोट उघडून स्वादुपिंड बोटांनी चाचपतात आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी काढतात, किंवा गाठींसकट त्या अवयवाचा थोडा भागही कापतात. त्याच वेळी मूत्रपिंडांजवळच्या अॅड्रिनल ग्रंथीही बघून होतात, कारण या वयातल्या फेरेटना त्या ग्रंथींचा आजारही बऱ्याचदा असतो. मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठी मागे राहतात. त्यामुळे हा आजार मुळासकट जात नाही. कित्येकांना पुढे पुन्हा गोळ्या लागतातच.

औषधात मुख्य प्रेडनिसोलोन. माणसांचंच औषध, कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळतं, स्वस्त आहे. ते साखर वर ठेवतं, पण गाठ वाढतच राहते, म्हणून महिन्यामहिन्याने डोस चढत जातो. पोट सुटतं, स्नायू झडतात. मनाने एकदम बंद केलं तर जनावर कोसळू शकतं. प्रेडनिसोलोन अपुरं पडलं की डायझॉक्साइड जोडतात. ते इन्शुलिन सुटणंच अडवतं, पण महाग पडतं.

१९९८ साली ६६ फेरेटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त औषधांवर असलेल्यांचं पुढचं सरासरी आयुष्य १८६ दिवस, गाठी काढलेल्यांचं ४५६, स्वादुपिंडाचा भागही कापलेल्यांचं ६६८. फरक मोठा आहे. तरी हे आकडे वाचताना लक्षात ठेवा की ऑपरेशन टेबलावर मुळात तब्येतीने बऱ्या असलेल्यांनाच घेतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. फेरेट पाच वर्षांच्या आतलं, हृदय ठणठणीत आणि फेरेटचं पोट आधी उघडलेले सर्जन मिळत असतील, तर ऑपरेशन करा. कुत्र्या-मांजरांचे उत्तम सर्जन पुण्यात आहेत, पण ‘तुम्ही फेरेटची किती ऑपरेशनं केलीत?’ हे संकोच न करता विचारा. भूल देताना ग्लुकोजचं सलाईन चालू राहील ना, साखर मधे मधे तपासतील ना, हेही. मुंबईला न्यायचं ठरलं तर घाटातल्या ट्रॅफिकचा वेळ धरा आणि गाडीत मांसाचं खाणं ठेवा. चार तास अडकलात तर रस्त्यातच फिट येऊ शकते.

वय जास्त असेल किंवा हृदय कमजोर, तर औषध. पण औषध म्हणजे नुसती गोळी नाही, घराचं घड्याळच बदलतं. दर तीन-चार तासांनी मांसाहारी खाणं, रात्रीसुद्धा. फळं, बिस्किटं, गोड पेस्ट पूर्ण बंद. घरातले सगळे दिवसभर कामावर असतील, तर मधे येऊन खाऊ घालणारं कोणीतरी लागेल. पैशांपेक्षा या प्रश्नाचं उत्तर आधी शोधा.

फिटच्या वेळी काय करायचं ते दोन्ही वाटांवर सारखंच. तोंडात बोट घालू नका, काही ओतू नका. कापसाच्या काडीने हिरड्यांना मध चोळा. शुद्धीवर येऊन गिळता येऊ लागलं की लगेच चिकनची पेज द्या, कारण नुसत्या मधाने इन्शुलिन पुन्हा उसळतं आणि साखर परत पडते. मग लगेच डॉक्टरांकडे.

चिंगी सहा वर्षांची, आणि इकोमध्ये हृदय वाढलेलं निघालं. आम्ही औषध निवडलं. रात्री अकराचं खाणं आई घालते, पहाटे तीनचा गजर माझा, सकाळी सातला बाबा. पाचवा महिना चालू आहे. डोस दोनदा वाढवावा लागला. कालची साखर ७२ होती.