48 सागवानी फळ्या गेल्या, आणि त्या न्यायचं भाडंही आम्हीच भरलं

माडीवरची खोली 22 बाय 14 फूट. वर लिनोलियम, त्याखाली पातळ प्लाय, आणि त्याखाली जुन्या ब्रह्मी सागवानाची तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांची जमीन. 11 फूट लांब, 7 इंच रुंद, सव्वा इंच जाड अशा 48 फळ्या. 308 चौरस फूट, म्हणजे 32 घनफूट लाकूड. आज त्यातली एकही अख्खी फळी घरात नाही. त्यांच्या जागी रंग चढवलेलं पाइनवुड आहे आणि खिशातून 3,23,934 रुपये गेले आहेत. जुन्या घराची जमीन उघडायचं ज्यांनी ठरवलं आहे त्यांनी हे वाचून मगच कामाला माणूस लावावा.

आधी हिशेब, कारण लबाडी तिथेच दिसते. लिनोलियम आणि प्लाय काढायचे चौरस फुटाला 35 प्रमाणे 10,780. घासून पॉलिश करायचे 160 प्रमाणे 49,280. काम एवढंच ठरलं होतं: 60,060 रुपये. चौथ्या दिवशी "वाळवी" निघाली आणि आकडा फुगला. नवीन "सीपी सागवान" (म्हणजे मध्य भारतातला साग) फळ्या 620 च्या दराने 1,90,960. वाळवीची फवारणी 14,500. राडारोडा उचलायच्या दोन फेऱ्या 9,000. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी, 49,413 रुपये 60 पैसे. आणि त्या राडारोड्याच्या दोन फेऱ्यांत नक्की काय गेलं? आमचंच सागवान. जुनं लाकूड विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने नंतर मापं ऐकून घनफुटाला 3,500 सांगितले. 32 घनफुटांचे 1,12,000 होतात. एवढा माल आम्ही 9,000 रुपये देऊन स्वतःच घराबाहेर पोहोचवला.

आम्ही डोळे मिटून काम दिलं नव्हतं. तीन कोटेशनं घेतली होती आणि हे मधलं होतं, सगळ्यात स्वस्त नव्हे. माणूस ओळखीतून आलेला. पहिल्या दिवशी दाराच्या मागे एक फुटाचा चौकोन कापून त्याने फळी दाखवली, माप घेतलं आणि स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं: "सागवान, सव्वा इंच, कड्या 15 इंचांवर, फक्त घासणे व पॉलिश." (कड्या म्हणजे फळ्यांना खालून आधार देणारी आडवी लाकडं.) असं लिहून देणारा चौथ्या दिवशी फिरेल हे कुणाच्या मनात येणार?

त्यात लिनोलियम निघाल्यावर जे दिसतं ते बघूनच धीर सुटतो, आणि ही माणसं नेमकी त्याच क्षणावर टपलेली असतात. प्लायच्या खिळ्यांनी फळ्यांना शेकडो भोकं पडलेली असतात. प्रत्येक जुन्या खिळ्याभोवती काळं वर्तुळ असतं. जिथे पाणी मुरलं तिथे काळे पट्टे, आणि वर डांबरासारखा चिकटा. हे सगळं कुजल्यासारखं दिसतं, पण यातलं बहुतेक कुजणं नसतंच. खिळ्यातलं लोखंड आणि लाकडातली द्रव्यं ओलाव्यात एकत्र आली की काळा डाग पडतो. तो वरवरचा असतो. घासल्यावर बराच जातो, उरलेला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने फिकट होतो. कंत्राटदाराला हे ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

आता तो क्षण, जो विसरता येत नाही. "धूळ फार उडते, वर येऊ नका" म्हणून खोलीला दोन दिवस कुलूप होतं. मग त्याने खाली अंगणात एक फळी आणून टाकली. बोटांनी दाबली की चुरा होत होती. सोबत कागदावर मूठभर पिठासारखी भुकटी. "सगळी जमीन अशीच आहे, पाय खाली जाईल." ती फळी समोर होती, हातात मोजपट्टी होती, आणि मोजली नाही. तिच्यावर खिळ्यांच्या भोकांच्या ओळी दोन दोन फुटांवर होत्या! आमच्या कड्या 15 इंचांवर आहेत, त्याच्याच कागदावर तसं लिहिलेलं होतं. आमच्या 11 फुटी फळीवर खिळ्यांच्या आठ-नऊ ओळी पाहिजेत. त्या फळीवर पाच होत्या. रुंदी 6 इंच, जाडी जेमतेम एक इंच. ती फळी आमच्या घरातली नव्हतीच. हे सगळं त्या दिवशी काढलेल्या फोटोत दिसतं. फोटो पाठवायला काढला होता, बघायला नव्हे.

भुकटी तर त्याहून उघड खोटी होती. जमिनीतून येणारी वाळवी पिठासारखी भुकटी टाकत नाही. ती मातीच्या नळ्या करते आणि पोखरलेल्या जागेत माती भरते. कोरड्या लाकडातली वाळवी खसखशीसारखे दाणे टाकते, भिंगाखाली त्यांना सहा बाजू दिसतात. मऊ पीठ आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोल भोकं हे भुंगेऱ्याचं काम. तो फळीच्या कडेचा पांढरा कच्चा भाग खातो, आतल्या पिवळसर-तपकिरी सागाच्या गाभ्याला सहसा हात लावत नाही. सागाच्या गाभ्याला वाळवीही सहजासहजी लागत नाही, म्हणून तर जुन्या लोकांनी तो वापरला. सगळ्याच्या सगळ्या 48 फळ्या एकाच वेळी भुगा होणं पटणारं नव्हतं, तरी पटलं.

फळी जागेवर असतानाच तपासा. अंगणात आणून दाखवलेली फळी पुरावा नव्हे. पेचकस घ्या, फळीच्या टोकाशी, भिंतीलगत, नहाणीच्या बाजूला जोराने टोचा. धडधाकट सागात तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. कुजलेल्या फळीत अर्धा इंच सहज घुसतो आणि लाकडाचे आडवे तुकडे पडतात. मग पेचकसाच्या मुठीने ठोकत जा, पोकळ फळी बद्द वाजते. जिथे शंका वाटेल तिथेच एक फळी उचलून खालची बाजू आणि कडी बघा. पाणी मुरतं ते बहुधा नहाणीच्या भिंतीलगत नाहीतर खिडकीखाली, म्हणजे तीन-चार फळ्या बदलल्या की भागतं. सगळी जमीन बदला म्हणणाऱ्याला कुजलेल्या प्रत्येक फळीवर खडूने फुली मारायला सांगा, आणि त्याच्यासमोर मोजा.

काढायची रीतही आधी माहीत असावी, म्हणजे घाईघाईत काय चाललंय ते कळतं. लिनोलियमला धारदार सुरीने फूटभर रुंदीचे पट्टे मारून एकेक पट्टा ओढायचा. पाठीचा कागदी थर उरतो तो गरम पाण्याच्या ओल्या फडक्याने मऊ करून रुंद पटाशीने खरवडायचा, वर बादली ओतायची नाही. जुन्या फरशीसारख्या तुकड्यांखाली काळा चिकटा असेल तर तो कोरडा घासू नका, त्यात फुफ्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. कडेला जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2016 च्या नियमांनी आली, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. प्लायचे खिळे जंबूराने एकेक काढायचे. फळीचे मूळ खिळे मात्र काढायचे नसतात, ते पृष्ठभागाखाली तीनेक मिलिमीटर ठोकून बसवायचे, नाहीतर घासायच्या मशीनचा कागद फाटतो. मग 36 नंबरचा पॉलिश पेपर, मग 60, मग 100 किंवा 120. मशीन चालू ठेवून एका जागी थांबवलं की खळगा पडतो आणि तो पॉलिशनंतर जास्त दिसतो. साग तेलकट, म्हणून पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) पहिला हात देण्याआधी थिनरने पुसून घ्यायचं. या सगळ्यात फळीची जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी होते. सव्वा इंचाच्या, म्हणजे जवळपास 32 मिलिमीटरच्या फळीला त्याचं काय? "एकदा घासली की पातळ होऊन मोडेल" हेही वाक्य आम्हाला ऐकवलं होतं.

नवीन फळ्या आल्या त्या रंग आणि पॉलिश चढवूनच. "कारखान्यात फिनिश होऊन येतात, 49,280 त्यातच धरलेत." पॉलिश झालेलं लाकूड कधीही उतरवून घेऊ नका. रंगाखाली काहीही खपतं. कच्ची फळी मागा, टोकाला ब्लेडने एक पातळ काप घ्या आणि भिंगातून बघा. सागाच्या आडव्या कापात वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. पाइनमध्ये अशी छिद्रं नसतातच. ताजा साग कापला की चामड्यासारखा तेलकट वास येतो, पाइनला राळेचा. वजनही करा. वाळलेला साग घनफुटाला साधारण 18-19 किलो भरतो, त्या हिशेबाने आमची एकेक जुनी फळी 12 किलोच्या वर होती. 48 फळ्यांचं वजन सहाशे किलोंच्या आसपास. भुगा झालेलं लाकूड उचलायला चार माणसं आणि टेम्पोच्या दोन फेऱ्या का लागल्या, हा प्रश्नसुद्धा त्या दिवशी कुणी विचारला नाही.

पहिल्याच पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर उचलल्या. सव्वा इंचाच्या जागी पाऊण इंच लाकूड, त्यामुळे चालताना लचक. दुसऱ्या एका सुताराने दोन फळ्या उचलल्या तेव्हा सगळं उघड झालं. खालच्या कड्या स्वच्छ होत्या. मातीची एक नळी नाही, एक पोखर नाही. 14,500 ची फवारणी म्हणजे बहुधा रॉकेलचा वास. औषधाचा सीलबंद डबा, त्यावरचं नाव आणि बॅच क्रमांक यांचा फोटो घेतल्याशिवाय फवारणीचे पैसे देऊ नका.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही रद्द झालेला निघाला. 15 अक्षरी क्रमांक, आपल्या महाराष्ट्राचा म्हणून 27 ने सुरू होणारा, दिसायला अगदी खरा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता दोन मिनिटांत तपासता येतो. ही दोन मिनिटं पैसे देण्याआधी काढायची असतात.

आणि मग तक्रार. चौकीत पहिलं वाक्य, "लाकूड न्यायला तुम्हीच सांगितलंत ना?" दुसरं, "हा दिवाणी मामला आहे, वकील करा." खोटी फळी दाखवून, वाळवी सांगून माल काढून घेणं हा दिवाणी मामला कसा होतो? व्यवहारात नुसता उशीर झाला असता, काम वाईट झालं असतं, तर समजू शकतो. इथे पुरावा म्हणून बाहेरची फळी आणून टाकली होती! तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच द्यायला नकार. तिसऱ्यांदा दुसरे साहेब, त्यांना अर्जच सापडेना. कंत्राटदाराला फोन लावून "बघा बुवा, मिटवून टाका" एवढाच तपास झाला. फोटो कुणी उघडून पाहिला नाही. फळीवरच्या भोकांचं अंतर मोजून दाखवायला मोजपट्टी नेली होती, ती पिशवीतच राहिली. करखात्याकडे लिहिलं तर उत्तर नाही. प्रभाग कार्यालय म्हणालं राडारोड्याचा विषय आमचा, लाकडाचा नाही. एका तक्रार केंद्राने समोरचा उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद केली. समोरचा उत्तर देत नाही म्हणूनच तर तक्रार केली होती! प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न: तुम्ही तेव्हा बघितलं का नाही? फसलेल्यालाच आरोपीसारखं उभं करतात आणि फसवणारा त्या वेळी दुसऱ्या कुणाची तरी जमीन उघडत असतो.

तेव्हा तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318(4) लिहून अर्ज द्या. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे वरिष्ठांना टपालाने कळवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आम्ही चौकीच्या नादात सात महिने घालवले.

करारात एक ओळ हवीच: "निघालेलं सर्व लाकूड मालकाचं, मोजून मालकाच्या ताब्यात." ही ओळ लिहायला जो कां कूं करेल त्याला काम देऊ नका. फळ्या उचलायची वेळ आलीच तर आधी जागेवरच खडूने दोन्ही टोकांना क्रमांक घाला, फोटो काढा, मग उचला. कुलूप आपलं, किल्ली आपल्याकडे. रोख रकमेवर सूट देतो म्हणाला तर सूट नको. राडारोडा जाताना गोण्या उघडून बघा.

खोलीच्या टोकाला भिंतीत बसवलेलं कपाट आहे. ते हलवता आलं नाही म्हणून त्याच्याखालचे दीड फुटांचे चार तुकडे त्याने करवतीने कापून तसेच सोडले. ते आता बाहेर काढले आहेत. जाडी सव्वा इंच, रुंदी 7 इंच, खिळ्यांच्या दोन ओळींमधलं अंतर 15 इंच, पेचकस आत जात नाही. त्यांचे मोजपट्टी लावलेले फोटो, अंगणातल्या फळीचा फोटो आणि त्याच्या अक्षरातला पहिल्या दिवशीचा कागद, असे तिन्ही आयोगाच्या तक्रारीला जोडले आहेत.